इराणमध्ये माझं काहीही नाही!

हसणार असाल तर आत्ताच एकदा पोटभर हसून घ्या, कारण मधेमधे हसलात तर माझी लिंक तुटते आणि मग मी चिडतो. चहा घेतलात ना सगळ्यांनी? घ्या. तर मंडळी, आम्हा सबनीसांच्या घराण्यात आजवर कुणाला पोलिसांनी प्रश्न विचारले नव्हते. ती परंपरा मी मोडली. तीसुद्धा परदेशात, सिंगापुरात, परक्या माणसाच्या दिवाणखान्यात, समोर कॉफीचा कप असताना! आणि का? तर मी नियम पाळत होतो म्हणून!

खोटं वाटतंय? सुरुवातीपासून सांगतो.

मी आधी रॅफल्स प्लेसला एका बँकेत होतो, कंप्लायन्स खात्यात. म्हणजे बाकीच्यांनी धंदा आणायचा आणि आम्ही 'हे नियमात बसत नाही' असं म्हणायचं. मला ते काम मनापासून आवडायचं. माझी बायको मेधा म्हणते, तो तुझा स्वभावच आहे, बँक वर पगार देत होती एवढंच. पुढे बँकेने माणसं कमी केली, त्यात मीही कमी झालो, आणि बुओना व्हिस्टाला एका छोट्या कंपनीत लागलो. जमिनीखालचा पाण्याचा पाइप कुठे गळतोय, हे ऐकून सांगणारं यंत्र ही कंपनी बनवते. माणसं पंचवीस-तीस. त्यात मी 'हेड ऑफ कंप्लायन्स'. माझ्या हाताखाली कोण? कोणी नाही. पण हेड!

मालकांचं नाव केनेथ ओंग. शांत माणूस. इतका शांत की कंपनी बुडायला आलीय हेसुद्धा त्यांनी एखाद्याने लंचला काय खाल्लं ते सांगावं तसं सांगितलं. अमेरिकेतल्या एका शहराचं टेंडर निघालं होतं. सगळ्या शहराच्या पाइपांची गळती शोधायची. ते मिळालं तर कंपनी उभी राहणार, नाही मिळालं तर अर्धी माणसं घरी. आणि घरी जाण्याच्या रांगेत पहिला कोण? जो शेवटी आला तो. म्हणजे अस्मादिक. इथे नोकरी गेली की राहायचा पास जातो, आणि पास गेला की बॅगा भरायच्या. मुलीची शाळा, भाड्याचा फ्लॅट, सगळं त्या गळक्या पाइपांवर टांगलेलं होतं. मी घाबरलो होतो, हे कबूल करतो. पण घाबरलेला सबनीस स्वस्थ बसत नाही, तो कामाला लागतो.

टेंडरचे कागद माझ्याकडे आले, आणि त्यात मला एक कलम सापडलं. त्या शहराच्या नगरपालिकेचा नियम असा, की आमच्याशी धंदा करणाऱ्या कंपनीने, तिच्या मालकांनी, संचालकांनी आणि सही करणाऱ्या अधिकाऱ्याने इराणच्या तेल आणि गॅसच्या उद्योगात कुठेही, कशाही मार्गाने पैसे गुंतवलेले नसावेत. तसं लेखी द्या. खोटं निघालं तर टेंडर बाद, आणि पुढची काही वर्षं आमच्या दारात उभं राहायचं नाही.

आता मला सांगा, आपल्याकडची नगरपालिका कधी असल्या फंदात पडते का? उद्या नळाला पाणी येणार की नाही हे तिला सांगता येत नाही, आणि ही बाई विचारतेय इराणबद्दल! पण मला आनंद झाला. खरंच सांगतो, आनंद झाला. गळती ऐकणारी यंत्रं इंजिनिअर बनवतात, टेंडरची किंमत ओंगसाहेब ठरवतात, पण हे कलम माझं होतं. या टेंडरला माझ्याकडून तडा जाणार नाही, असा मी मनाशी पक्का निश्चय केला.

त्या आठवड्यात मी ऑफिसात जो धुमाकूळ घातला त्याला तोड नाही. नियमात फक्त वरची माणसं होती, पण मी म्हटलं, सुरुवात तळापासून करू. एकेकाला गाठून विचारायचो, "इराणशी काही संबंध?" लोक मला लिफ्टमध्ये बघून जिना धरायला लागले. रिसेप्शनवरच्या मिस लिमच्या ड्रॉवरमध्ये खजुराचा डबा दिसला. मी म्हटलं, "हे कुठले?" ती म्हणाली, "सुपरमार्केटचे." मी म्हटलं, "देश कुठला?" तिने डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "तूच खा लाह, सगळा." इथली माणसं वाक्याला असं 'लाह' चिकटवतात, आपल्या 'की'सारखं. खजूर म्हणजे गुंतवणूक नाही, हे मलाही कळतं हो! पण विचारून ठेवलेलं बरं.

असं करत सगळे तपासून झाले. ओंगसाहेबांनी त्यांचं लिहून दिलं आणि ते विमानतळाकडे निघाले, कारण टेंडर उघडताना त्यांना तिथे हजर राहायचं होतं. राहिला एकच माणूस. थोरले मिस्टर ओंग. साहेबांचे वडील, वय ऐंशीच्या घरात, यिशुनला सरकारी फ्लॅटमध्ये एकटे राहतात. कंपनी मुळात त्यांच्या पंपांच्या दुकानातून वाढलेली, म्हणून ते अजून भागीदार आणि संचालक. ऑफिसात येणं त्यांनी कधीच सोडलेलं, त्यामुळे त्यांनी मला पाहिलं नव्हतं आणि मी त्यांना.

ओंगसाहेब टॅक्सीत बसताना म्हणाले, "माझे पप्पा जरा सावध माणूस आहेत. मी उतरल्यावर फोन करतो त्यांना, तोवर थांब."

मी म्हटलं, "साहेब, कागद आज संध्याकाळी जायला हवेत. तुम्ही उतराल तेव्हा मुदत संपलेली असेल. माझ्यावर सोडा."

ते म्हणाले, "शुअर?"

मी म्हटलं, "शंभर टक्के."

माझ्या आयुष्यातल्या सगळ्या फजित्या 'माझ्यावर सोडा' या वाक्यापासून सुरू होतात. लग्नात मेधाला हे कुणीतरी सांगायला हवं होतं.

ते विमानात बसले, त्यांचा फोन बंद झाला, आणि मी थोरल्या ओंगना फोन लावला. आता ते काही मराठीत बोलत नव्हते, हे तुम्हाला कळतंच. पण मी आपल्या भाषेत सांगतो, त्यांचा 'लाह' तेवढा त्यांच्याकडे ठेवतो.

"हॅलो, मिस्टर ओंग? मी तुमच्या मुलाच्या कंपनीतून बोलतोय."

"मुलाला दे फोन."

"मुलगा विमानात आहे, त्याचा फोन लागणार नाही."

"हं."

"तुमच्या परदेशातल्या गुंतवणुकीबद्दल थोडी माहिती हवी होती."

"हं?"

"आणि एक सही. आजच, संध्याकाळच्या आत. नाहीतर फार मोठं नुकसान होईल."

खट्. फोन बंद!

तुम्ही हसताय. तुमच्या चेहऱ्यावर आता जे दिसतंय ते मला तेव्हा दिसायला हवं होतं. मला काय वाटलं? मला वाटलं, लाइन कटली. पुन्हा लावला. उचलून ठेवला. ऑफिसच्या दुसऱ्या नंबरवरून लावला. त्यांनी माझा आवाज ऐकला आणि ठेवला. मग मात्र माझ्यातला बँकवाला जागा झाला. गुंतवणूक म्हटल्याबरोबर फोन ठेवणारा माणूस काय लपवत असेल? मी मिस लिमला म्हटलं, "इथे पाणी मुरतंय." ती म्हणाली, "तू आधी लंच कर."

लंच कसलं! मी शेवटचा फोन लावला आणि एका दमात सांगून टाकलं, "अंकल, तुम्ही ठेवू नका, मी स्वतः घरी येतो सही घ्यायला."

आणि चमत्कार! म्हातारा एकदम मऊ झाला. "घरी येतोस? ये ये. कधी निघतोस? कसा दिसतोस? कपडे काय घातलेत?"

मला भरून आलं हो. किती अगत्य! मी शर्टाचा रंग सांगितला, चष्मा सांगितला, टक्कल पडायला लागलंय हेसुद्धा सांगितलं, आणि एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, पकडली.

यिशुनला उतरून मी घामाघूम होऊन त्यांच्या दारात पोहोचलो. दार उघडंच. किडकिडीत म्हातारा, बनियन आणि हाफ पँट, डोळ्यांवर चष्मा. शेजारच्या एक आंटी बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये खुर्ची टाकून बसलेल्या. मी आत गेलो तशी त्यांनी खुर्ची ओढून बरोबर दारात आणली. मला वाटलं, वारा येत असेल तिथे.

"बस, उन्हातून आलास. कोपी घेणार?"

"नको अंकल, फक्त एक सही..."

"कोपी फर्स्ट लाह!"

कोपी, म्हणजे कॉफी, आली. मग बिस्किटं आली. मग ती संपली म्हणून दुसरी आली. मी मूळ विषयावर यायचो आणि अंकल विचारायचे, भारतात कुठून आलास, आईवडील आहेत का, त्यांना माहीत आहे का तू हे काम करतोस ते. मी अभिमानाने सांगितलं, "हो, माहीत आहे. वडिलांना फार कौतुक आहे." अंकलनी दारातल्या आंटींकडे पाहिलं आणि दोघांनी मान हलवली. केवढं वाईट वाटलं होतं त्यांना, ते मला नंतर कळलं.

शेवटी मी कप खाली ठेवला आणि स्पष्ट विचारलं, "अंकल, तुमची परदेशात काही गुंतवणूक आहे का?"

"पुष्कळ आहे!"

"कुठल्या देशात?"

"तुला कुठला देश पाहिजे?"

"मला पाहिजे असं नाही अंकल. तुमची कुठे आहे?"

"सगळीकडे. तू नाव सांग, मी हो की नाही सांगतो."

"इराण?"

"इराण? हां, इराण आहे."

"कशात? तेलात?"

"तेल, हां."

"गॅसमध्ये?"

"गॅसपण. भरपूर! थांब, मी चष्मा आणतो, मग दाखवतो सगळं." असं म्हणून ते आतल्या खोलीत गेले. चष्मा डोळ्यांवर होता! पण ते मला दिसलं तरी सुचलं नाही, कारण माझ्या डोळ्यांसमोर ते टेंडर बुडताना दिसत होतं. गेलं! सगळं गेलं! कंपनी गेली, पास गेला, मुलगी शाळेतून निघाली, मेधा बॅगा भरतेय. आणि हे सगळं एका बनियन घातलेल्या म्हाताऱ्याच्या इराणी गॅसपायी!

आतून हळू आवाजात फोनवर बोलणं ऐकू येत होतं. मला वाटलं, आपल्या दलालाशी बोलतोय. बरं झालं, म्हटलं. आत्ता विकून टाकले तर संध्याकाळपर्यंत कागदावर खरं खरं लिहिता येईल. हार मानायची नाही!

ते बाहेर आले तसा मी जवळजवळ त्यांच्या पाया पडलो.

"अंकल, ऐका माझं. ते सगळं विका. आत्ताच्या आत्ता विका!"

"आत्ता?"

"आत्ता! वेळ घालवू नका. मुलाची वाट बघू नका, कुणाला विचारत बसू नका. तुमचा मोबाइल आणा, बँकेचं ॲप उघडा, मी स्वतः करून देतो!"

"एक्सक्यूज मी, सर," दारातून आवाज आला. "शेवटचं वाक्य पुन्हा एकदा म्हणाल का?"

आंटींनी खुर्ची बाजूला घेतली होती. दारात दोन पोलीस.

मंडळी, सिंगापुरात लिफ्टमध्ये, बसस्टॉपवर, एमआरटीत, जिथे नजर जाईल तिथे फसवणूक करणाऱ्यांपासून सावध राहा अशा पाट्या आहेत. फोनवर घाई करणारा, गुंतवणूक विचारणारा, मुलाशी बोलू न देणारा. मी रोज त्या पाट्या वाचत ऑफिसला जातो. कंप्लायन्सचा माणूस म्हणून मला त्या आवडतातसुद्धा. आणि आमच्या थोरल्या ओंगनी कम्युनिटी सेंटरमध्ये त्याचं रीतसर प्रशिक्षण घेतलं होतं, की लबाड घरापर्यंत आलाच तर त्याला गोड बोलून बसवून ठेवा, तो म्हणेल त्याला हो म्हणा, आणि पोलीस बोलवा. अंकलनी एकेक पायरी तंतोतंत पाळली होती. कंप्लायन्स म्हणतात तो हा!

"मी फसवणारा नाही!" मी ओरडलो. "मी फसवणूक थांबवणारा आहे!"

"सगळे असंच म्हणतात," अंकल पोलिसांना म्हणाले. "सेंटरमध्ये शिकवलंय."

मी खिशातून कार्ड काढून दिलं. अंकल म्हणाले, "कार्ड काय, कुणीही छापतं." बरोबरच होतं त्यांचं. मीही तेच म्हटलं असतं.

पोलिसांतला जो बोलत होता तो सार्जंट रहीम, तरुण आणि फार सभ्य पोरगा. त्याने कंपनीचा नंबर स्वतः शोधून काढला आणि फोन स्पीकरवर ठेवून विचारलं, सबनीस नावाचा माणूस तुमच्याकडे काम करतो का. पलीकडे मिस लिम. ती क्षणभर गप्प बसली. तो क्षण मी तिला कधी माफ करणार नाही.

"हो ऑफिसर, आमचाच आहे," ती म्हणाली. "काल माझ्या खजुरांचीही चौकशी केली त्याने. आता काय केलंन?"

सुटलो! सार्जंट हसला, आंटी हसल्या, एकटे अंकल हिरमुसले. "म्हणजे खरा नाही?" त्यांनी दोनदा विचारलं. एक खराखुरा लबाड पकडून दिला असता तर सेंटरमध्ये केवढं नाव झालं असतं! मला त्यांची माफी मागावीशी वाटली, की अंकल, मी प्रामाणिक निघालो, चुकलंच माझं.

"अंकल, मग ते इराणचं तेल?"

"कसलं तेल? हा फ्लॅट आहे, बँकेत ठेव आहे. इराण कुठे आहे तेपण मला नीट माहीत नाही लाह."

मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! कागद पुढे केला. पण ते सावध गृहस्थ. त्यांनी वाचल्याशिवाय सही करायला साफ नकार दिला आणि एकेक शब्दावर बोट ठेवत वाचायला घेतलं. सार्जंटही उत्सुकतेने त्यांच्या खांद्यावरून वाचायला लागला.

"मालक, संचालक आणि सही करणारा अधिकारी," अंकल म्हणाले. "हा अधिकारी कोण?"

"मी!" मी कॉलर ताठ करून म्हटलं.

"तुझं काही आहे?"

"माझं? अंकल, इराणमध्ये माझं काहीही नाही!"

"शुअर आह?" सार्जंट रहीमने सहज विचारलं. सवयीने विचारलं असेल बिचाऱ्याने.

इथे, मंडळी, मी गप्प बसून सही केली असती तर काम झालं होतं. पण आत्ताच माझ्यावर लबाड म्हणून शिक्का बसता बसता राहिला होता. मी म्हटलं, या माणसांना दाखवूनच देतो की सबनीस जे दुसऱ्याला विचारतो ते स्वतःलाही विचारतो. माझं भारतात एक जुनं शेअरचं खातं आहे, ते बाबा बघतात. म्हटलं, थांबा, तुमच्यादेखत विचारतो. आणि सांगलीला व्हिडिओ कॉल लावला.

माझे बाबा म्हणजे काय सांगू! वीज खात्यातून निवृत्त झालेले, आणि शेअरबाजाराचे निस्सीम भक्त. दहावीला बरे मार्क मिळाले तेव्हा माझ्या मित्रांना सायकली मिळाल्या, मला शेअर मिळाले. तेही सरकारी कंपन्यांचे, कारण सरकार कुठे पळून जातंय! आणि बाबा शेअर घेतात, विकत नाहीत. विकायचाच तर घेतला कशाला, असं त्यांचं शास्त्र आहे.

"बाबा, माझ्या खात्यात इराणशी संबंधित असं काही नाही ना? नाही म्हणा फक्त."

"इराण? आहे की!" बाबांचा चेहरा उजळला. "तुझ्या दहावीचे ते तेल कंपनीचे शेअर! तिकडे समुद्रात गॅस शोधला त्यांनी, त्यात आपला वाटा आहे. वार्षिक अहवालात छापून आलंय. वाचून दाखवू?"

खोलीत मराठी कुणालाच येत नव्हतं. पण 'इराण' सगळ्यांना कळलं, आणि 'गॅस'ही कळला. अंकलनी हळूच तो कागद माझ्यापासून लांब सरकवला.

"बाबा," मी घाम पुसत म्हटलं, "ते विका. आत्ताच्या आत्ता विका."

मग बाबांनी चष्मा वर केला आणि स्क्रीनच्या अगदी जवळ आले. "कोण बोलतंय?"

"मी, अविनाश!"

"माझा अविनाश मला शेअर विकायला सांगणार नाही."

"बाबा, मीच आहे हो! बघा ना, दिसतोय ना मी?"

"हल्ली सगळं दिसतं. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात परवाच सांगितलं, हुबेहूब चेहरा काढतात, आवाजसुद्धा काढतात. एवढी घाई कशाची आहे तुला?"

"आज संध्याकाळी मुदत संपतेय, माझी नोकरी जाईल!"

"हां! आलास लाइनवर! घाई करायची, घाबरवायचं. सगळं सांगितलंय आम्हाला."

सार्जंट रहीम फार चांगला मुलगा हो. त्याला माझी दया आली. परका वृद्ध गृहस्थ उगाच काळजी करतोय, आपण धीर द्यावा, असं त्याच्या मनात आलं. तो पूर्ण गणवेशात माझ्या शेजारी वाकला, स्क्रीनमध्ये डोकावला आणि गोड हसून म्हणाला, "गुड आफ्टरनून सर, आय ॲम अ पोलीस ऑफिसर."

"डिजिटल अरेस्ट!" बाबा केवढ्यांदा ओरडले! "अगं ए, इकडे ये, बघ, आपल्याकडे पण आले! गणवेश घालून बसलाय! आणि मागे तो चिनी बघ, तो म्होरक्या!"

"बाबा, ते आमच्या कंपनीचे..."

"लाज नाही वाटत? माझ्या पोराचं तोंड लावून फिरतोस! आणि लावायचं तर केस तरी नीट लावायचे, त्याला एवढं टक्कल नाहीये!"

फोन बंद. पुन्हा लावला, लागेना. बाबांनी माझा नंबर कायमचा बंद करून टाकला होता.

आमच्या बोलण्याचा अर्थ कुणालाच कळला नव्हता, पण एक ज्येष्ठ नागरिक मला ओळखून फोन ठेवतो, हे आज या घरात अनेकदा घडलं होतं, त्यामुळे समजावून सांगायची गरज पडली नाही. अंकल उठले आणि माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "तुझे वडील फार हुशार आहेत."

मग त्यांनीच मार्ग काढला. "संचालक मीपण आहे ना? मग मी सही करतो. तू नको." त्यांनी कागदावरच्या माझ्या नावावर पट्टी लावून सरळ रेघ मारली, वर आपलं नाव लिहिलं, सही केली. मी तिथेच मोबाइलवर फोटो काढून कागद मिस लिमला पाठवले. वेळेत गेले. सार्जंट रहीमने जाताना मला फसवणुकीपासून कसं वाचावं याचं एक पत्रक दिलं. मी घेतलं. काय करणार?

टेंडर आम्हाला मिळालं. हो, मिळालं! ते कळलं त्या दिवशी ऑफिसात सगळे नाचले, मीही नाचलो, मिस लिमने मला खजूर दिले. माझी नोकरी वाचली, पास वाचला, बॅगा माळ्यावर राहिल्या. पण ओंगसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि शांतपणे म्हणाले, "सबनीस, आपल्या सगळ्या कंपनीत त्या शहराच्या नियमात न बसणारा एकच माणूस आहे. आपला हेड ऑफ कंप्लायन्स. आता पुढे अशी आणखी टेंडरं येतील. ते शेअर विक, म्हणजे तुझं नाव परत घालता येईल."

मी म्हटलं, "साहेब, माझ्यावर सोडा."

घरी येऊन मेधाच्या फोनवरून सांगलीला फोन लावला. सुनेवर बाबांचा विश्वास आहे. तिने आधी समजूत काढली, मग माझ्याकडे फोन दिला.

"अवि! बरं झालं तू भेटलास!" बाबांचा आवाज नुसता फुलला होता. "अरे, तुझं सोंग घेऊन एक भामटा आला होता. पण मी काही फसलो नाही हो!"

"बाबा, ते शेअर..."

"तेच सांगतोय! मी नंतर शांतपणे विचार केला. एवढी मोठी टोळी, त्यात एक पोलीस, एक चिनी म्होरक्या, हे सगळे मिळून एका म्हाताऱ्याला एकच शेअर विकायला लावतायत. का? म्हणजे त्यांना आतली बातमी असणार! तो शेअर वर जाणार! म्हणून दुसऱ्या दिवशी बाजार उघडल्याबरोबर तुझ्या नावावर तेवढेच आणखी घेऊन टाकले. आणि आता सांगून ठेवतो अवि, कुणीही येऊ दे, अगदी तू स्वतः येऊन माझ्या पायांवर डोकं ठेवलंस ना, तरी विकणार नाही!"